स्वतःच्या मशीनवर नायफाय हाताने बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-देवगड पट्ट्यातल्या मच्छीमार सोसायट्या, आंबा पॅकिंगवाले आणि दोन-चार होमस्टेवाले यांचे आकडे एका जागी आणून द्यायचं काम मी करतो. त्यासाठी अपाची नायफाय हा डेटा पाइपलाइन सर्व्हर वापरतो. तो क्लाउडवर नसतो, त्यांच्याच कचेरीतल्या जुन्या डेस्कटॉपवर बसवलेला असतो. फोनवर आणि चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं नायफाय २ आणि उबुंटू धरून आहे, विंडोजला जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. फाइलींची आणि आज्ञांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे.

नायफाय नेमकं करतं काय?

एका टोकाला डेटा उचलतं, वाटेत निवडतं-साफ करतं आणि दुसऱ्या टोकाला पोचवतं. बंदरावर बोट लागली की काय होतं ते आठवा. टोपल्या उतरतात, बांगडा वेगळा, कोळंबी वेगळी, मग लिलाव, मग टेम्पो. टेम्पो आला नाही तर माल फेकून देत नाहीत, बर्फात ठेवतात. नायफायच्या पडद्यावर जे चौकोन दिसतात ते प्रोसेसर, म्हणजे काम करणारी माणसं. दोन चौकोनांना जोडणारी रेघ ही रांग, म्हणजे बर्फाची पेटी. ही पेटी डिस्कवर असते, नुसती मेमरीत नसते. आपल्याकडे ते का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

मुळात हे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेत २००६ च्या सुमारास ‘नायगारा फाइल्स’ या नावाने बनलं आणि २०१४ मध्ये अपाची फाउंडेशनकडे आलं. म्हणून उच्चार नायफाय. ‘निफी’ म्हटलंत तरी चालतं, सर्व्हर ऐकत नसतो.

क्लाउडवर तयार सेवा मिळत असताना हा खटाटोप कशाला?

पुण्यात असतात तर मीही क्लाउडच सांगितलं असतं. इथे जूनपासून नेटचा भरवसा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. वादळ नसलं तरी झाडाची फांदी केबलवर पडायला साधा वळीव पुरतो. आकडे जिथे तयार होतात तिथेच सर्व्हर असला की नेट नसतानाही नोंद सुरू राहते आणि नेट आल्यावर साठलेलं पुढे जातं.

डॉकरमध्ये एका ओळीत चालू होतं म्हणे. मग हाताने का बसवायचं?

होतं, आणि तुम्हाला डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंद खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) रोजच्या सवयीचं असेल तर खुशाल तेच करा. पण रेपॉझिटरीची, म्हणजे रांगेतला माल आणि त्याच्या नोंदी जिथे साठतात ती, फोल्डरं बाहेरच्या डिस्कशी जोडायला विसरलात आणि कोणी कंटेनर काढून टाकला, की रांगेतला मालही त्याच्याबरोबर गेला. हाताने बसवलं की कुठली गोष्ट कुठल्या फोल्डरात पडते हे एकदा डोळ्यांखालून जातं. रात्री साडेनऊला सोसायटीच्या क्लार्कचा फोन येतो, तेव्हा फोनवर ‘ते फोल्डर उघडा, त्यातली ती फाइल बघा’ असं सांगता येतं. कंटेनरच्या आत कसं शिरायचं हे फोनवर सांगून बघा एकदा.

मशीन कसं लागेल?

आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना डेस्कटॉप पुरतो. नायफाय २ स्वतःसाठी एक जीबी हीप (कामापुरती राखलेली मेमरी) धरतं. हा आकडा कॉन्फ फोल्डरातल्या ‘बूटस्ट्रॅप डॉट कॉन्फ’ मध्ये बदलता येतो, मी दोन जीबी ठेवतो. त्याहून वाढवायची गरज सहसा पडत नाही, कारण फाइलींचा मजकूर हीपमध्ये नसतो, डिस्कवर असतो. हीपमध्ये असतात ते गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट. कोणी हौसेने अख्खी फाइलच ॲट्रिब्यूटमध्ये भरली तर मात्र मेमरी संपते.

डिस्कच्या बाबतीत एक फटका मी खाल्लाय. एका कचेरीत नायफाय अचानक थबकलं. बंद नाही, चूकही नाही, नुसतं उभं. लॉगमध्ये ‘आर्काइव्ह साफ होण्याची वाट पाहतोय’ अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येत होती. शोधल्यावर कळलं की त्याच डिस्कवर कोणीतरी दशावताराचे व्हिडिओ साठवले होते आणि डिस्क निम्म्याच्या वर भरली होती. नायफाय जुना मजकूर काही दिवस आर्काइव्हमध्ये ठेवतं, पण डिस्क ५० टक्क्यांच्या वर भरली की तो काढून जागा करायला बघतं. जागा व्यापली होती व्हिडिओंनी, त्यांना ते हात लावू शकत नाही, म्हणून नवं काही लिहायचंच थांबलं. तेव्हापासून नायफायच्या रेपॉझिटरींना मी वेगळं पार्टिशन देतो. दशावतार दुसऱ्या पार्टिशनवर सुखाने नांदतो.

आणि मशीन समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने यूएसबी पोर्ट दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात.

जावा कोणतं घालायचं?

नायफाय २ ला जावा २१ लागतं. जुनं जावा ८ किंवा ११ असेल तर ते सुरूच होणार नाही. ओपनजेडीके २१ घाला, ‘जावा मायनस व्हर्जन’ करून आकडा बघा आणि ‘जावा होम’, म्हणजे जावा कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, नीट लावा. तो बिन फोल्डरातल्या ‘नायफाय एन्व्ह’ या फाइलीतच लिहून ठेवा. टर्मिनलमधून व्यवस्थित चालणारं नायफाय मशीन रीस्टार्ट झाल्यावर आपोआप उठत नाही, याचं कारण दहातल्या आठ वेळा हेच असतं. जावा कुठे आहे ते तुमच्या लॉगिनला माहीत असतं, सिस्टमच्या सर्व्हिसला नसतं.

डाउनलोड झालं, पण झिप उघडत नाही.

फाइल शेकडो एमबीची आहे आणि आपल्या नेटवर ती मध्येच तुटते. ब्राउझरने उतरवू नका. ‘डब्ल्यूगेट मायनस सी’ वापरा, म्हणजे जिथे तुटलं तिथून पुढे उतरतं. मग अपाचीच्याच साइटवर दिलेला एसएचए-५१२ चा आकडा (फाइलीच्या बोटाचा ठसाच म्हणा) आपल्या फाइलीशी जुळवा. जुळला नाही तर फाइल अर्धवट आहे, तिच्या मागे वेळ घालवू नका.

झिप उघडायची जागा साधी असू द्या. लिनक्सवर ‘ऑप्ट’ मध्ये, विंडोजवर थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी. ज्याच्या नावात मोकळी जागा आहे किंवा मराठी अक्षरं आहेत, किंवा जे वनड्राइव्हशी जोडलेलं आहे, असं फोल्डर टाळा.

सुरू केलं, पण युजरनेम-पासवर्ड कुठला?

बिन फोल्डरात जाऊन ‘नायफाय डॉट एसएच स्टार्ट’ म्हणा. विंडोजवर ‘नायफाय डॉट सीएमडी स्टार्ट’. मग जाऊन चहा ठेवा. जुन्या मशीनवर पहिल्यांदा उठायला दोन-तीन मिनिटं सहज लागतात आणि तेवढ्यात पान उघडत नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा स्टार्ट मारत बसतात.

नाव आणि पासवर्ड नायफाय स्वतःच तयार करतं आणि लॉग्ज फोल्डरातल्या ‘नायफाय ॲप डॉट लॉग’ मध्ये लिहितं. त्यात ‘जनरेटेड’ हा शब्द शोधा. ती लांबलचक अक्षरं कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून ‘सेट सिंगल युजर क्रेडेन्शियल्स’ या आज्ञेने आपलं नाव-पासवर्ड द्या आणि रीस्टार्ट करा. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा हवा. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक असा पासवर्ड मी तीन ठिकाणी पाहिलाय. बोटीवर तो फूटभर अक्षरांत रंगवलेला असतो, तेव्हा कृपया नको.

पत्ता : एचटीटीपीएस, लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन), पोर्ट ८४४३, पुढे स्लॅश नायफाय. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल कुरकुर करेल. प्रमाणपत्र नायफायने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, म्हणून. आपल्याच मशीनवर आहात तर पुढे जा.

‘इनव्हॅलिड एसएनआय’ असं येतं आणि पान उघडत नाही.

तुम्ही लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनचा आकड्यांतला पत्ता, टाकलाय. नाव टाका, आकडा नको.

लायट गेल्यार डेटा जातलो काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक वेळा नाही, पण मूळ सेटिंगवर विसंबू नका.

नायफाय प्रत्येक फाइलीची हालचाल आधी वहीत टिपतं. या वहीला राइट-अहेड लॉग म्हणतात. मशीन पुन्हा उठलं की ती वही वाचून, कुठला माल कुठल्या रांगेत होता ते परत मांडतं. नायफायच काही कारणाने पडलं तर एवढं पुरतं. लाइट जाते तेव्हा मात्र एक फट राहते. नायफायने टिपलेलं लगेच डिस्कवर जातंच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टम ते थोडा वेळ आपल्याजवळ धरून ठेवते आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर ती टिपणं जातात.

ती फट बुजवायला ‘नायफाय डॉट प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘ऑलवेज डॉट सिंक’ शोधा. फ्लोफाइल (कुठला माल कुठल्या रांगेत), कंटेंट (मजकूर) आणि प्रॉव्हनन्स (प्रवासाची नोंद) अशा तीन रेपॉझिटरींसाठी ते तीनदा सापडेल आणि तिन्हीकडे मूळ उत्तर ‘फॉल्स’ असेल. पहिल्या दोन ठिकाणी ‘ट्रू’ करा. नायफायच्या कागदपत्रांत इशारा आहे की याने वेग बराच कमी होतो, आणि तो खराच आहे. पण सेकंदाला हजारो नोंदी हाकणाऱ्यांना त्याची झळ. आपल्या सोसायटीत दिवसाला हजार-दीड हजार नोंदी येतात, एसएसडीवर फरक कळतही नाही.

दुसरी बाजू दुबार नोंदीची. समजा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळ लिहून झाली आणि ‘झालं’ असं नायफायने टिपायच्या आत लाइट गेली. उठल्यावर ते तीच ओळ पुन्हा पाठवतं. हा दोष नाही. हरवण्यापेक्षा दोनदा पोचलेलं बरं, असा हिशेब आहे. मात्र तयारी आपण करायची. टेबलला बोटीचा क्रमांक, तारीख, फेरी आणि मासळी मिळून एक युनिक की (दोनदा येऊ न शकणारी ओळख) द्या आणि ‘पुट डेटाबेस रेकॉर्ड’ या प्रोसेसरमध्ये इन्सर्टऐवजी अपसर्ट (ओळ असेल तर बदल, नसेल तर घाल) निवडा. मग तीच ओळ दहा वेळा आली तरी नोंद एकच.

राहिला यूपीएस. नुसता टीं टीं वाजणारा घेऊ नका, यूएसबी केबलवाला घ्या. त्याला ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ जोडलं की बॅटरी उतरताना मशीन नीट बंद होतं. नायफायला थांबायला मूळ सेटिंगमध्ये २० सेकंद दिलेले असतात, तेव्हा शटडाउनला निदान मिनिटभर राखून ठेवा. आणि बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू व्हा’ हा पर्याय लावाच. नाहीतर पहाटे पाचला लाइट येते आणि मशीन अकराला क्लार्क येईपर्यंत झोपलेलं.

तीन दिवस नेट नसेल तर रांग फुटेल का?

फुटत नाही, तुंबते. प्रत्येक रांगेची मूळ मर्यादा १०,००० फाइली किंवा १ जीबी. ती भरली की मागचा प्रोसेसर थांबतो, त्याच्या मागचा थांबतो, असं करत थांबणं उगमापर्यंत पोचतं. उगम म्हणजे एखादं फोल्डर असेल तर चिंता नाही, फाइली तिथेच पडून राहतील. पण आंब्याच्या वजनकाट्यासारखं यंत्र थेट एचटीटीपीवरून आकडे पाठवत असेल तर रांग भरल्यावर त्याला नकार मिळतो. बहुतेक यंत्रं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तिथे मर्यादा वाढवा, किंवा मी करतो तसं आधी सगळं स्थानिक पोस्टग्रेसमध्ये उतरवा आणि बाहेर पाठवायचा फ्लो (प्रोसेसर आणि रांगांची मांडणी) वेगळा ठेवा.

फोल्डरातल्या एक्सेल फाइली गायब झाल्या!

‘गेट फाइल’ वापरलंत ना? तो फाइल वाचतो आणि मूळ जागेवरून काढून टाकतो. ‘मूळ फाइल ठेवा’ हा पर्याय त्यात आहे, पण तो मुळात बंद असतो.

माझ्या पहिल्याच वर्षी हे झालं. सोसायटीच्या क्लार्ककाकांनी तीन महिन्यांची आवक एका फोल्डरात नीट तारीखवार लावून ठेवली होती. मी चाचणी म्हणून फ्लो चालू केला आणि दोन सेकंदांत फोल्डर रिकामं. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत राहिले. ते जास्त लागलं. सुदैवाने नायफाय प्रत्येक फाइलीचा प्रवास टिपतं, त्याला डेटा प्रॉव्हनन्स म्हणतात, आणि मजकूर आर्काइव्हमध्ये शिल्लक होता. एकेक घटना उघडून एकेक फाइल उतरवून घेतली. दुपारी जेवून बसलो तो दिवेलागण झाली. आर्काइव्हची मुदत उलटली असती तर ते बसणंही फुकट होतं.

आता मी ‘लिस्ट फाइल’ आणि ‘फेच फाइल’ ची जोडीच वापरतो. पहिला फक्त यादी करतो, दुसरा वाचतो, मूळ फाइलीला कोणी हात लावत नाही. कुठवर वाचून झालं ते ‘स्टेट’ फोल्डरात लिहिलेलं असतं. साफसफाईच्या नादात ते उडवलंत तर सगळ्या जुन्या फाइली नव्याने येतील.

प्रोसेसरवर पिवळा त्रिकोण येतो, तो कसा घालवायचा?

बहुतेक वेळा त्रिकोण म्हणतोय की अमुक वाटेने आलेल्या मालाचं काय करायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही. ‘ऑटो टर्मिनेट’ वर टिचकी मारली की त्रिकोण जातो, म्हणून सगळे तेच करतात, ‘फेल्युअर’ च्या वाटेवरही. त्याचा अर्थ बिघडलेला माल गुपचूप समुद्रात. फेल्युअरची रेघ वेगळ्या रांगेत न्या आणि ती रांग आठवड्यातून एकदा उघडून बघा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

एक्सेलमधून साठवताना साधं सीएसव्ही न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा आणि नायफायच्या सीएसव्ही रीडरमध्येही कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे ना ते बघा. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर दुखणं वेगळं आहे. मूळ फाइल युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे पाइपलाइन काही करू शकत नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढा.

त्याहून चिवट भानगड नावांची. एकाच माशाला एक क्लार्क सुरमई लिहितो, दुसरा सुरमय, आणि मालवणात तिसरा इसवण. अशा नावांचं एक छोटं टेबल करून ‘लुकअप रेकॉर्ड’ ने सगळ्यांना एकच कोड द्या. त्या टेबलसाठी संगणक येणाऱ्यापेक्षा बाजारात मासळी विकणारी बाई जास्त कामाची. माझं टेबल अशाच एका मावशींनी तपासलं, आणि अकरा चुका काढल्या.

पहाटे पाचची वेळ लावली, पण फ्लो चालत नाही.

लिनक्सच्या क्रॉनमध्ये, म्हणजे वेळ लावायच्या ओळीत, पाच घरं असतात, नायफायच्या क्रॉनमध्ये सहा. पहिलं घर सेकंदाचं. तिथे शून्य टाका. टाइमझोन ‘एशिया कोलकाता’ आहे का तेही बघा.

तरी गडबड असेल तर मशीनचं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो. लाइट जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि नेट नसल्यामुळे आपणहून दुरुस्तही होत नाही. मग प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ अशी तक्रार सुरू होते आणि आपण नायफायला दोष देत बसतो. सेल बाजारात कुठेही मिळतो.

बाजूच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पडदा उघडायचाय.

एसएसएच टनेल, म्हणजे दोन मशीनांमधला सुरक्षित बोगदा, करा. आपल्या मशीनवरचं पोर्ट ८४४३ तिकडच्या लोकलहोस्टच्या ८४४३ ला जोडलं की झालं, नायफायच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. राउटरमधून हे पोर्ट इंटरनेटवर उघडू मात्र कधीही नका. नायफायमध्ये मशीनवरची कुठलीही आज्ञा चालवणारे प्रोसेसर आहेत. ज्याच्या हाती हा पडदा, त्याच्या हाती ते मशीन.

बॅकअप कशाचा घ्यायचा?

अख्ख्या कॉन्फ फोल्डराचा. त्यातली ‘फ्लो डॉट जेसन डॉट जीझी’ म्हणजे तुम्ही मांडलेला सगळा कॅनव्हास. पण ती एकटी पुरत नाही. ‘नायफाय डॉट प्रॉपर्टीज’ मध्ये ‘सेन्सिटिव्ह प्रॉप्स की’ असते, पहिल्यांदा सुरू करताना नायफायने स्वतः भरलेली. फ्लोमधले डेटाबेसचे पासवर्ड तिच्याच जोरावर उघडतात. ती हरवली की नव्या मशीनवर तो फ्लो उठत नाही. मी ती कागदावरही उतरवून ठेवतो.

आणि बॅकअप त्याच इमारतीत नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची मशीनं आणि त्यांच्या शेजारच्या कपाटातल्या हार्ड डिस्का एकदमच बुडाल्या.

नायफायऐवजी एअरफ्लो चालेल का?

एअरफ्लो हा मुकादम आहे. कोणी कधी काम करायचं ते सांगतो, टोपली स्वतः उचलत नाही. रात्री एकदा चालणाऱ्या पायथन स्क्रिप्टा असतील तर तो उत्तम. विंडोजवर मात्र तो डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, नसेल तर नीट चालत नाही.

मासेमारी बंदीच्या काळात मशीन बंद करून ठेवू का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटी बंद, त्यामुळे आवक नाही, हे खरं. पण त्या दोन महिन्यांच्या दमटपणात बंद ठेवलेलं मशीन ऑगस्टमध्ये चालू होईलच याची खात्री मी देणार नाही. निदान एक दिवसाआड तासभर चालवा. गडगडाट असेल तेव्हा वायर आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवा.

अपग्रेड करायची वेळही हीच. नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरात उघडा, फ्लोची फाइल आणि तीच सेन्सिटिव्ह की तिकडे न्या, जुनं थांबवून नवं सुरू करा आणि जुनं फोल्डर महिनाभर पुसू नका. नायफाय १ वरून २ वर येणार असाल तर आधी १ च्या शेवटच्या आवृत्त्यांपैकी एकीवर या. जुनी टेम्प्लेटं आणि व्हेरिएबलं २ मध्ये नाहीत, व्हेरिएबलांच्या जागी पॅरामीटर कॉन्टेक्स्ट आहेत आणि ते हाताने लावावे लागतात. यात दोन दिवस जातात. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या की तेवढे दोन दिवस कोणी देत नाही, म्हणून माझी अपग्रेडं जुलैत उरकलेली असतात.